माळ्यावरच्या ट्रंकेतली जुनी मासिकं : काय ठेवावं, कसं वाचावं, कसं जपावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात समुद्रापासून जवळच वडिलोपार्जित घर आहे. ते वर्षातून दोनदाच, गणपतीत आणि मे महिन्यात उघडलं जातं. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आणि गोणपाटात बांधलेला एक गठ्ठा सापडला. त्यात अंदाजे १९३० ते १९८० या काळातली मासिकं, साप्ताहिकं आणि दिवाळी अंक आहेत. काहींना कसर लागली आहे, काहींवर बुरा आला आहे. यातलं काय ठेवायचं, ते टिकवायचं कसं आणि त्या काळातला समाज, राजकारण समजून घ्यायला त्याचा उपयोग कसा करायचा?

सर्वांत आधी एक विनंती. आवडलेल्या कथा आणि मुखपृष्ठं कापून घेऊन बाकीचं रद्दीत देण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. जाहिराती, मलपृष्ठ, वर्गणीचा छापील फॉर्म, वाचकांची पत्रं, पुढच्या अंकाची घोषणा, अंकाला गुंडाळून आलेली टपालाची कागदी पट्टी यांतलं काहीही टाकू नका. याचं कारण व्यावहारिक आहे. बहुतेक जुन्या वाचनालयांत वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत होती. बांधणी जाड होऊ नये आणि कपाटातली जागा वाचावी, एवढाच त्यामागचा विचार. त्यामुळे ग्रंथालयात 'किर्लोस्कर' किंवा 'सत्यकथा'चे खंड मिळाले तरी त्यांत मजकूर असतो, पण त्या महिन्याचा बाजार नसतो. १९३८ साली मध्यमवर्गीय घरात काय विकत घेतलं जात होतं, कुठल्या औषधावर लोक विश्वास ठेवत होते, मुलीला शिवणयंत्र द्यावं की हार्मोनियम, हे त्या काढून टाकलेल्या पानांत होतं. घरात सुटे राहिलेले अंक म्हणून मोलाचे. तुमच्या ट्रंकेतला पूर्ण अंक, भले त्याचे कोपरे कुरतडलेले असोत, ग्रंथालयातल्या नीटनेटक्या खंडापेक्षा जास्त सांगतो.

आता पहिल्या दिवसाचं काम. ट्रंक उघडल्यावर लगेच अंक बाहेर ओतू नका. आधी वरून फोटो काढा आणि मग एकेक थर बाहेर काढत प्रत्येक थराचा फोटो घ्या. कुठला अंक कुठल्या अंकाच्या शेजारी होता यावरून घरात कोण काय वाचत होतं ते कळतं, आणि हा क्रम एकदा मोडला की परत जुळवता येत नाही. तोंडाला एन-९५ मास्क हवाच. बुऱ्याची पूड फुप्फुसांत जाणं धोक्याचं आहे, दमा असलेल्यांनी तर हे काम स्वतः करूच नये. हात धुऊन पूर्ण कोरडे करून अंक हाताळले तर हातमोज्यांची गरज नाही. सुती मोज्यांनी उलट पानाचे ठिसूळ कोपरे तुटतात. बुरा असलेल्या अंकांपुरते नायट्राइलचे मोजे घाला.

बाहेर काढतानाच तीन ढीग करा : कोरडे आणि धड, ओलसर किंवा बुरा आलेले, आणि किडीचे. तिसरा ढीग पहिल्या दोघांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. ओटीवर सगळे एकत्र पसरले की कसर रातोरात धड अंकांत शिरते.

ओलसर अंक उन्हात घालायची आपल्याकडे सवय आहे. पापड-कुरडयांसाठी ऊन योग्य, कागदासाठी नाही. साप्ताहिकं आणि स्वस्त मासिकं लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापली जायची. त्या कागदात लिग्निन राहिलेलं असतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं-तपकिरी होतं आणि कागद ठिसूळ पडतो. एका दुपारच्या उन्हाने जे नुकसान होतं ते भरून निघत नाही. अंक सावलीत, पंख्याखाली, उभे करून पानं थोडी फाकवून ठेवा. दर १०-१५ पानांमागे कोरा टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला आणि दोन-तीन तासांनी तो बदला. छापलेलं वर्तमानपत्र मध्ये घालू नका, शाई उतरते. दिवाळी अंकांतली गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओली झाली असतील तर त्यांचा निकाल सर्वांत आधी लावायला हवा. या कागदावर मातीचा लेप असतो. ओल्या अवस्थेत पानं एकमेकांना चिकटली आणि तशीच वाळली की पुढे ती वेगळी होत नाहीत, ओढल्यावर चित्रासकट लेप निघून येतो. ओलं राहिलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरा धरतो. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर अंक पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका आणि वेळ मिळेल तसे एकेक काढून वाळवा.

बुरा ओल्या फडक्याने कधीच पुसू नका. आधी अंक पूर्ण वाळू द्या. मग अंगणात, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, मऊ ब्रशने बुरा स्वतःपासून दूर झाडा. उरलेला डाग राहू द्या. तो घालवायला ब्लीच किंवा स्पिरिट लावलेले अंक डागासकट टिकले असते त्यापेक्षा आधी संपतात.

किडीसाठी सर्वांत भरवशाचा उपाय थंडी. अंक जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड बंद करा, त्यावर दुसरी पिशवी. उणे १८ ते उणे २० अंश तापमानाला दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा तेवढा थंड होतो की नाही ते थर्मामीटर ठेवून बघा, बर्फ जमतो म्हणजे पुरेसं थंड आहे असं नाही. आपल्याकडे वीज जाते, आणि चार-पाच तास गेली तर दिवस पहिल्यापासून मोजावेत. बाहेर काढल्यावर पिशवी किमान २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड कागदावर पाणी होऊन बसते. डांबराच्या गोळ्यांनी कीड मरत नाही, फार तर दूर राहते, आणि तो वास माणसांना अपायकारक आहे. कडुलिंबाचा पाला पानांमध्ये घालण्याची जुनी रीत आहे, पण पाल्याचा तपकिरी डाग कागदावर कायमचा उमटतो. घालायचाच तर पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. वाळवी ही मात्र अंकांची नव्हे, घराची अडचण. मातीच्या नळ्या भिंतीवर किंवा वाशांवर दिसल्या तर आधी घराचा उपचार करा आणि तोवर अंक त्या घरात ठेवू नका.

इतकं झालं की खरी मजा सुरू होते : कुठला अंक कधीचा हे ठरवणं. मुखपृष्ठ गेलेल्या अंकांवर तारीख सापडत नाही, पण अंकाच्या अंगावर इतर खुणा भरपूर असतात.

किंमत आधी बघा. आण्यांत असेल तर अंक १ एप्रिल १९५७च्या आधीचा किंवा त्याच्या फार तर थोडा नंतरचा. 'नवे पैसे' किंवा 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला, कारण जून १९६४पासून 'नवे' हा शब्द गळला. साधे 'पैसे' असतील तर त्यानंतरचा. मग पत्ता. 'गिरगाव, मुंबई ४' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा १९७२च्या आधीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्यामुळे '४०० ००४' असेल तर अंक त्यानंतरचाच. टपालाच्या पट्टीवरचा तुमच्या घराचा किंवा नातेवाइकांचा पत्ताही कामाला येतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या पत्त्यावर 'जि. रत्नागिरी' असेल तर अंक १९८१च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. 'जि. कुलाबा'चंही तेच, त्याचं रायगड १९८१मध्येच झालं. लोक जुनं नाव काही वर्षं लिहीत राहतात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळू द्या.

शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा. पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात पडणाऱ्या महिन्यांसाठी ७९ मिळवायचे. शके १८५२चा कार्तिक म्हणजे १९३०, आणि त्याच शकाचा माघ म्हणजे १९३१. या एका वर्षाच्या फरकाने अंकांच्या याद्या सर्रास चुकतात.

लेखनपद्धतीही बोलते. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत', 'केलें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असतील तर अंक १९६२पूर्वीचा असावा. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम त्या साली आले आणि मग हे अनुस्वार हळूहळू गेले. जुन्या वळणाच्या काही संपादकांनी ते नंतरही ठेवले, म्हणून ही पूरक खूण. 'इ, ई, उ' ऐवजी 'अि, अी, अु' दिसलं तर ती सावरकरांनी पुरस्कारलेली लिपीसुधारणा आहे, आणि किर्लोस्करवाडीच्या मासिकांत ती तुम्हाला भेटेल. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथल्या चळवळीचा एक धागा असा छापखान्याच्या खिळ्यांपर्यंत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांपर्यंत, पोहोचलेला दिसतो. आणखी एक खूण फार थोडे लोक वापरतात. १९५६च्या नियमांनंतर नियतकालिकांना दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालक, प्रकाशक, मुद्रक यांचं 'फॉर्म ४' नावाचं निवेदन छापणं बंधनकारक झालं. ते सापडलं की अंक मार्चच्या सुमाराचा आणि १९५६नंतरचा. शिवाय त्या पत्राच्या मागे नेमका पैसा कोणाचा होता तेही तिथे लिहिलेलं असतं, आणि राजकारण समजून घ्यायला अग्रलेखापेक्षा ते निवेदन कधीकधी जास्त उपयोगी पडतं.

१९५०पर्यंतच्या नियतकालिकांची नावं, संपादक आणि आरंभ-अंताची वर्षं ताडून बघायला शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची हाताशी ठेवा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात ती बघता येते.

आता काय ठेवायचं. बहुतेक संग्राहक दिवाळी अंकांमागे असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. दिवाळी अंकाची परंपरा १९०९मध्ये 'मासिक मनोरंजन'ने सुरू केली. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावचे, म्हणजे आपल्याच सावंतवाडीकडचे. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची मुखपृष्ठं आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रं अजून डोळ्यांत भरतात. पण दिवाळी अंक हा सणाचा अंक आहे, त्यात प्रत्येक मासिक आपला ठेवणीतला पोशाख घालून बसलेलं असतं. त्या वर्षी लोक कशाने अस्वस्थ होते हे बघायचं तर फेब्रुवारीचा, जुलैचा साधा अंक बघावा, आणि त्याहून साप्ताहिक बघावं. साप्ताहिकं सर्वांत दुर्मीळ, कारण ती रद्दी म्हणूनच जगली. कोकणात तर सुकी मासळी बांधायला, फडताळात अंथरायला, आंब्याच्या पेटीत घालायला त्यांचाच उपयोग झाला. पेटीच्या तळाशी किंवा फडताळात अंथरलेला कागद काढताना आधी तो वाचून बघा.

म्हणून माझा क्रम असा : पहिलं स्थान स्थानिक साप्ताहिकांना. रत्नागिरीचं 'बळवंत', सावंतवाडीचं 'वैनतेय', अलिबागचं 'कृषीवल', किंवा ज्याचं नावही कोणी ऐकलेलं नाही असं तालुक्याच्या गावी पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापलेलं चार पानी पत्र. यांचा एकेक सुटा अंकही ठेवा. कोकणातली बोटींची वेळापत्रकं, खोत (गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि कूळ (जमीन कसणारा) यांच्या दाव्यांच्या जाहीर नोटिसा, नगरपालिकेचे ठराव, शाळांचे निकाल मुंबई-पुण्याच्या मासिकांत येत नसत. 'कृषीवल' नारायण नागू पाटलांनी १९३७मध्ये काढलं तेव्हा अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३पासूनचा संप चालूच होता, आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्या काळातलं या पट्ट्यातलं कुठलंही पत्र मिळालं तर ते खोतांच्या बाजूचं की कुळांच्या, हे जाहिरात कोण देतो यावरूनही कळतं. १९३०चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह किंवा १९३१मध्ये उघडलेलं रत्नागिरीचं पतितपावन मंदिर यांच्या बातम्या स्थानिक पत्रात आणि मुंबईच्या पत्रात वेगवेगळ्या वजनाने येतात, तो फरक टिपून ठेवा.

दुसरं स्थान सलग संचांना. 'स्त्री'चे ओळीने बारा अंक मिळाले तर ते इकडच्या-तिकडच्या पन्नास अंकांपेक्षा जास्त कामाचे. सलग अंकांत एखाद्या लेखावरचा वाद पत्रांतून पुढचे तीन महिने कसा चालतो, संपादक कुठे माघार घेतो, कुठली जाहिरात अचानक बंद होते हे दिसतं. सुटे दिवाळी अंक, 'चांदोबा', सिनेमाची मासिकं यांना माझ्या लेखी तिसरं स्थान. 'किशोर'चे अंक बालभारतीने संगणकावर आणून सर्वांना खुले केले आहेत, त्यामुळे जागा कमी असेल तर त्यांच्यावर जीव टाकू नका.

तुमच्या तालुक्यापुरतं एक सुचवतो, कारण इतकं समृद्ध गणित दुसरीकडे क्वचित जुळतं. र. धों. कर्वे मुरुडचे. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७पासून ते गेले त्या १९५३ सालापर्यंत चाललं, संततिनियमनावर उघड लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यात. 'मूकनायक' १९२०चा, 'बहिष्कृत भारत' १९२७चा, 'जनता' १९३०ची. साने गुरुजी पालगडचे, त्यांनी 'साधना' १५ ऑगस्ट १९४८ला सुरू केली. एका दिवसाच्या एसटी प्रवासात फिरून होईल एवढ्या टापूतल्या तीन माणसांची ही पत्रं, आणि तिघांचा स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा. ही पत्रं एकमेकांशेजारी ठेवून वाचता आली तर तालुक्याचा स्वतःचा वैचारिक इतिहास उभा राहतो. 'समाजस्वास्थ्य'चे अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. तुम्हाला मूळ अंक सापडला तर मलपृष्ठासकट जपा.

वाचण्याची पद्धत सांगायची तर एक घटना धरा आणि तिच्या आसपासचे तीन महिने वाचा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घ्या. अत्र्यांचं 'नवयुग' आणि १५ नोव्हेंबर १९५६पासून निघालेला दैनिक 'मराठा' यांची भाषा एका बाजूला ठेवा, आणि त्याच आठवड्यातलं एखादं घरगुती मासिक दुसऱ्या बाजूला. घरगुती मासिकात चळवळीचा शब्दही नसेल, पण मुंबईहून अंक वेळेवर न निघाल्याची दिलगिरी असेल. तीही चळवळीची नोंदच. १९५७मध्ये राजापूरमधून नाथ पै निवडून आले. त्या निवडणुकीच्या आधीचे स्थानिक अंक मिळाले तर मुंबईच्या गिरण्यांतले चाकरमानी गावाकडे काय मत पाठवत होते त्याचा अंदाज येतो.

आणीबाणीचे अंक वाचताना जे नाही ते शोधावं लागतं. २६ जून १९७५पासून छापण्याआधी मजकुराची सरकारी पूर्वतपासणी (सेन्सॉरशिप) लागू झाली आणि मार्च १९७७पर्यंत राहिली. मे १९७५चा आणि सप्टेंबर १९७५चा अंक समोरासमोर ठेवा : कुठलं सदर बंद झालं, कुठल्या लेखकाचं नाव गायब झालं, सरकारी जाहिरातींची पानं किती वाढली, अग्रलेख कुठल्या निरुपद्रवी विषयाकडे वळला. सेन्सॉरशी उघड झगडलेल्यांत 'साधना' होती, पण गप्प बसलेल्या मासिकांचे अंकही जपा. गप्प कसं बसलं जातं हे त्यांतूनच कळतं. 'साधना'चा १५ ऑगस्ट १९७२चा अंक हाती लागला तर तो वेगळ्या घडीत ठेवा. राजा ढाले यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने त्या वेळी महाराष्ट्र ढवळून निघाला होता. लेख नंतर अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या इतर लेखांच्या रांगेत तो कुठे बसला होता हे मूळ अंकातच दिसतं.

महायुद्धाच्या काळातले अंक हातात घेतल्यावरच ओळखू येतात. कागदावर नियंत्रण आल्याने पानं घटली, कागद राखट झाला, अक्षरं बारीक झाली आणि समास आक्रसले. हे अंक सर्वांत आधी मोडतात, म्हणून त्यांचे फोटो किंवा स्कॅन सर्वांत आधी करा.

विकत घेऊन संग्रह वाढवणार असाल तर दोन फसवणुकी लक्षात ठेवा. पहिली, मधली रंगीत चित्रं काढून घेतलेले अंक. देवादिकांची आणि सुंदर स्त्रियांची चित्रं कापून चौकटीत लावायची घरोघर पद्धत होती. पानं मोजा, अनुक्रमणिकेशी ताडून बघा, शिलाईपाशी कापल्याची धार बोटाला लागते का पाहा. 'आवाज'सारख्या अंकांत खिडकीचित्रं असतात, त्यांच्या झडपा फाटलेल्या नाहीत ना ते उघडून बघा. दुसरी, नंतरचं पुनर्मुद्रण मूळ म्हणून विकणं. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब पानाच्या मागच्या बाजूला बोटाला जाणवतो, ऑफसेटमध्ये जाणवत नाही. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात उजळ करणारी रसायनं आहेत, आणि ती १९५०च्या आसपास किंवा नंतरच कागदात आली. १९२०च्या अंकाचा कागद असा चमकता कामा नये.

डागडुजी कमीत कमी करा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पिना सर्वांत लवकर गंजतात आणि गंज आजूबाजूचा कागद खातो. कोरड्या ऋतूत, अंक मधल्या पानावर उघडून पिनेचे पाय बोथट पातळ पात्याने सरळ करा आणि पाठीकडून पिन ओढून घ्या. पिना काढायचा चिमटा वापरू नका, त्याने कणा फाटतो. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आतल्या बाजूला सैल गाठ मारा. सेलोटेप कुठेही नको, त्याचा डिंक काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी पट्टा सोडतो. मोठी फाट जोडायचीच तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा : सत्त्व एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर गाळा. कणकेची खळ नको, तिच्यातल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनाने कीड येते. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, त्याला स्पष्ट नकार द्या. मोरचुदातलं तांबं कागदाचं कुजणं वाढवतं. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते उलटवता येत नाही.

ठेवायची जागा हा कोकणातला अर्धा प्रश्न. बुरा हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की धरतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असतो. चार महिने बंद राहणाऱ्या, जांभ्याच्या भिंतींच्या घरात संग्रह सांभाळता येत नाही, हे मी स्पष्टच सांगेन. जांभा पाणी शोषतो आणि हळूहळू सोडतो. घरात कोणी राहत नसेल तर आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी अंक राहत्या घरी हलवा, आणि ते घर चिपळूणसारख्या पूर येणाऱ्या जागी नव्हे तर उंचावर हवं. २००५ आणि २०२१च्या पुरात चिपळूणच्या जुन्या वाचनालयाचं जे नुकसान झालं ते डोळ्यांसमोर ठेवा. तळमजल्यावर आणि खालच्या कप्प्यात काहीही ठेवू नका.

कपाट रंग दिलेलं लोखंडी, भिंतीपासून आणि जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर सुटं, पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीला न लावलेलं. अंक आडवे ठेवा, थप्पी २० सेंटिमीटरच्या वर नको. प्रत्येक वर्षाचे अंक धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडात बांधा. पोथ्यांसाठी वापरतात ते लाल फडकं नको, ओल लागली की रंग उतरतो. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या टाळा. मोडके अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत ठेवायचे तर तिच्या दोन बाजू उघड्या हव्यात, बंद पिशवीत ओलावा कोंडतो. कपाटात साधा डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) ठेवा. पावसाळ्यात त्या एका लहान खोलीपुरतं ओलावा शोषणारं यंत्र चालवणं हा सर्वांत चांगला खर्च. सिलिका जेल घट्ट झाकणाच्या डब्यातच उपयोगी, उघड्या कपाटात ते एका दिवसात भरून जातं. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका, आगीचा धोका आहे. थंडीत पूर्वेचे वारे सुटले आणि हायग्रोमीटर साठच्या खाली आला की कपाट दुपारभर उघडं ठेवा आणि सगळे अंक एकदा तपासा.

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा : नाव, वर्ष व अंक क्रमांक, महिना, संपादक, छापखाना, किंमत, एकूण पानं, काय गायब आहे, आणि अंक कोणाकडून, कुठल्या घरातून आला. शेवटचा रकाना बहुतेक लोक सोडून देतात. गिरगावातल्या भाडेकरूने पोस्टाने पाठवलेला अंक आणि गावच्या शाळामास्तरांच्या वर्गणीचा अंक यांतून वाचकाचं चित्र तयार होतं, ते या रकान्याशिवाय होत नाही. अंकावर काही लिहायचं तर मलपृष्ठाच्या आत, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने. स्कॅन रंगीतच करा, मजकुराला ३०० आणि चित्रांना ४०० डीपीआय पुरे. कणा दाबून सपाट करू नका, मोडका अंक वरून फोटो काढूनच उतरवा. पहिल्या मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत एकही पान सोडू नका.

स्कॅन इतरांना देण्याआधी हक्क तपासा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, निनावी मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं. १९७०नंतरचं बहुतेक सगळं यात येतं. ट्रंकेतल्या ज्या अंकांवर गावच्या वाचनालयाचा शिक्का आहे, त्यांची वेगळी यादी करून ती त्या वाचनालयाच्या कार्यवाहांना दाखवा. वाचनालय चालू असेल तर अंक त्यांचे आहेत. बहुतेक वेळा ते स्कॅन ठेवून घ्यायला आनंदाने परवानगी देतात, आणि बदल्यात त्यांच्या कपाटातले बांधणीतून वाचलेले सुटे अंक तुम्हाला बघायला मिळतात.